किती गरम, याला रकाना नव्हता

आमच्या वन्संनी आयुष्यभर लोकांना एकच गोष्ट विचारली. काय खाल्लंत, काय प्यायलात, किती? एकतीस वर्षं. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत छोटा वजनकाटा, खुणा केलेला मोजपेला, फळांच्या फोडींचे आकार दाखवणारी चित्रांची वही आणि चौऱ्याण्णव प्रश्नांचा फॉर्म. दार उघडलं की थेट स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. बाहेरच्या खोलीत माणूस खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. "ओट्याजवळ बसलं की थापा सुचत नाहीत, वहिनी. समोर भांडी असतात ना, ती ऐकत असतात."

ज्या संस्थेत त्या होत्या तिथे एक फार लांबलचक अभ्यास चालला होता. चहात, कांद्यात, सफरचंदाच्या सालीत, गडद रंगाच्या भाज्यांत काही तुरट-कडवट द्रव्यं असतात. ती ज्यांच्या पोटात जास्त जातात त्यांना कर्करोग कमी होतो का, हा प्रश्न. त्यासाठी हजारो घरं धरली होती, त्यांत आमचंही. दरवर्षी त्याच घरांत जायचं, तेच प्रश्न विचारायचे, आणि मग कोणाला होतो, कोणाला होत नाही याची वाट बघायची. आमचे हे बहिणीची चेष्टा करायचे, "लोक आजारी पडायची वाट बघायचा पगार घेतेस तू." वन्सं शांतपणे म्हणायच्या, "दादा, तू आपला चहा किती मिनिटं मुरवतोस ते सांग."

त्यांच्या कामाचा एक कडक नियम होता. सांगायचं नाही, सुचवायचं नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. समोरची बाई म्हणाली की आठवडाभर घरात एक फळ आलं नाही, तर शून्य लिहायचं आणि पुढचा प्रश्न. बाई म्हणाली की रोज दोन किलो पालेभाजी खाते, तरी तेच तोंड. हे तोंड त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की घरीसुद्धा उतरायचं नाही. हे गेल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या. माझ्या हातचं जेवून त्यांनी कधी छान म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. पहिल्या वर्षी मी मनात कुढले. एकदा धीर करून विचारलं, "वन्सं, भाजी आवडली का?" तर म्हणाल्या, "दीड वाटी खाल्ली." त्यावरून मी समजून घ्यायला शिकले.

लग्न केलं नाही. का केलं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्यात विचारायचा हक्क त्यांचा होता.

एक गोष्ट मात्र मला कळायला उशीर लागला. लोकांना एक शब्द न सुचवणाऱ्या या बाईने स्वतःला मात्र सुचवून घेतलं होतं. अभ्यासाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांचे आकडे फार आशेचे दिसले म्हणे. तेव्हापासून त्यांनी दूध-साखर सोडून दिवसाला सात कप चहा धरला, सफरचंद सालीसकट, कांदा कच्चा. पुढे आकडे विरत गेले. जो चहा-फळं जास्त घेतो तो चालतोही जास्त, सिगरेट कमी ओढतो, डॉक्टरकडे वेळेवर जातो. मग श्रेय द्यायचं कुणाला? हे त्यांनीच मला समजावलं होतं. पण सात कप सुटले नाहीत. मी एकदा म्हटलं, "अहो, आकडे तर आता तसं म्हणत नाहीत ना?" त्या म्हणाल्या, "तसं नाही असंही म्हणत नाहीत." त्यांच्या लेखी देव नव्हता, पण आशा ठेवायला माणसाला काहीतरी लागतंच.

आणि तो चहा त्यांना गरम लागायचा. गरम म्हणजे चष्मा असता तर वाफेने समोरचं दिसलं नसतं, इतका. मी कप ठेवून वळेपर्यंत अर्धा झालेला असायचा. जरा निवला की कप माझ्याकडे परत. "वहिनी, याला जरा चटका दे." दिवसातून दोनदा-तीनदा मी तो तापवायची आणि मनात चडफडायची.

गेल्या वर्षी थंडी संपता संपता त्या एकदम म्हणाल्या, "घास खाली उतरत नाही. छातीत अडतो." मी हादरले, कारण त्या कधी काही दुखतं म्हणायच्या नाहीत. तपासण्या झाल्या. घशाखाली जी नळी पोटात जाते, तिथे होतं. डॉक्टर तरुण होते, टेबलावर कोपरं टेकवून एकेक विचारत होते. तंबाखू? नाही. दारू? नाही. कधीपासून त्रास? "तीन महिने," वन्सं म्हणाल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "चहा फार गरम पिता का?"

मीच म्हटलं, "हो, अगदी उकळता."

"असं का विचारलंत?" वन्संनी मग विचारलं.

"फार गरम पिणाऱ्यांत या जागेचा आजार जास्त दिसतो, असं काही अभ्यासांचं म्हणणं आहे. तुमचा त्यामुळेच झाला असं मी म्हणू शकत नाही."

"नाहीच म्हणता येणार," वन्सं म्हणाल्या. जणू डॉक्टरांचं बरोबर आलं म्हणून मार्क देत होत्या.

घरी येऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी सवयीने चहा ठेवला होता, तो उकळत होता. त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "किती कप, किती कडक, किती मिनिटं मुरवलेला, दूध किती, साखर किती. एकतीस वर्षं मी हे विचारलं. किती गरम, हे नाही विचारलं. रकानाच नव्हता."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला काही घरांतल्या बायका आपणहून सांगायच्या, आमच्याकडे, बाई, चहा चुलीवरून थेट घशात. वन्संनी तेव्हा फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली होती: 'फार गरम'. वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं. कडेला लिहिलेलं मशीन वाचत नाही. आणि एका घराला जे विचारलं नाही ते दुसऱ्या घराचं लिहून घेतलं तर तुलना कशी करायची? साहेब चुकीचं बोलत नव्हते. वन्संनी खोडरबर घेऊन दोन दिवस बसून सगळे फॉर्म साफ केले. पुढे त्या स्वतः वर चढल्या, तेव्हा नव्या मुलींना त्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. कडा कोऱ्या ठेवा.

"मी खोडलं, वहिनी," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने."

मी म्हटलं, "तुम्हाला तेव्हा काय माहीत होतं? देवाच्या मनात..."

"देवाला मध्ये आणू नकोस. त्याने खोडायला सांगितलं नव्हतं."

आमच्या शेजारी शिवणकाम करणारी बाई राहते, तिला सगळे शिंपीणबाई म्हणतात. मनाने चांगली, जिभेने सुई. बातमी कळल्यावर ती वर्तमानपत्राचं कात्रण आणि हिरव्या चहाच्या भुकटीचा डबा घेऊन आली.

"ताई, इथे स्पष्ट छापलंय बघा. हिरव्या चहाने गाठीच्या पेशी मरतात."

"कुठे मरतात?" वन्संनी विचारलं.

"म्हणजे? मरतात असं लिहिलंय."

"माणसात की काचेच्या ताटलीत?"

शिंपीणबाईने कात्रण डोळ्यांजवळ नेलं. "ताटलीत म्हटलंय."

"ताटलीतल्या पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात. म्हणून मी साबण प्यायला जाते का?"

"तुम्हाला आपलं सगळ्यात खोट काढायची," शिंपीणबाई फणकारली. मग डबा ओट्यावर ठेवत माझ्याकडे बघून हळूच, पण ऐकू जाईल असं म्हणाली, "जन्मभर फळं मोजली, सालीसकट खाल्ली, काय उपयोग झाला सांगा."

मला तिच्या तोंडावर दार लावावंसं वाटलं. वन्संनी मात्र तिला खुर्ची दिली. "बरोबर प्रश्न आहे तुमचा," म्हणाल्या. "एका माणसावरून काहीच कळत नाही. माझ्यासारख्या शंभर बायका सफरचंद खाऊन मेल्या आणि शंभर न खाता मेल्या, तर मग बोलता येईल." शिंपीणबाई घाबरून उठून गेली.

आता खरी गोष्ट. अभ्यास सुरू झाला तेव्हा फॉर्म आधी स्वतःच्या लोकांवर भरून बघितला होता, त्यामुळे वन्संही त्या हजारोंपैकी एक होत्या. कुणाला आजार निघाला की संस्थेचं माणूस घरी येऊन मोठा फॉर्म भरून घेतं. तसं त्यांच्यासाठीही येणार होतं. आणि वन्संना एकच हवं होतं. आपल्या चहाचा गरमपणा तिथे पोहोचला पाहिजे. त्यांनी जे खोडलं होतं त्यातलं एक तरी परत लिहिलं गेलं पाहिजे. बरं होण्याबद्दल त्या इतक्या कळकळीने कधी बोलल्या नाहीत.

पण त्यांची त्यांनाच खात्री नव्हती. "आजारी माणूस आठवत नाही, वहिनी, तो कबुली देतो," त्या म्हणाल्या. "मी हजार वेळा बघितलंय. धडधाकट असताना जी बाई म्हणते, तळलेलं? छे, कधीतरी; तीच आजारी पडली की रडत सांगते, रोज खायचे हो, रोज. दोन्ही खोटं. मला आता आठवतंय की मी उकळता प्यायचे. पण डॉक्टरांनी विचारल्यावर आठवतंय. त्याचा काय भरवसा?"

"मी सांगते ना. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"तुलाही आताच आठवतंय." मग म्हणाल्या, "तुझ्या वह्या आहेत."

रोज संध्याकाळी दिवा लावला की मी वही उघडते. कोण आलं, काय शिजवलं, आणि शेवटी त्या दिवशी माझ्याकडून काय चुकलं, अशी एक ओळ. ती ओळ देवासाठी असते. घरात कुणी त्या वह्यांना हात लावलेला नाही. मी म्हटलं, "वन्सं, ते देवाला लिहिलेलं आहे."

"मी नाही वाचत. तू वाच. आजाराच्या आधी लिहिलेलं आहे, तेव्हा कुणाला कबुली द्यायची नव्हती. दुसरीकडे कुठे असा पुरावा मिळणार?"

त्या राहायला येण्याच्या आधीपासूनच्या म्हणजे जवळजवळ बारा वर्षांच्या अकरा वह्या, शेवटची जाड, दीड वर्ष पुरलेली. मी चार दुपारी खपले. पानं भराभर उलटत गेले, 'चहा' दिसला की थांबायचं. आणि सापडत गेलं. 'आज वन्संना निवलेला चहा दिला, परत तापवावा लागला, मनात चिडले.' 'वन्संचा चहा नीट तापला नव्हता, बोलल्या नाहीत पण कप सरकवला.' 'चहा तापवता तापवता जप राहिला.' एकोणीस ठिकाणी. मी तारखांसकट कागदावर उतरवलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. "चिडायचीस होय," म्हणाल्या.

फॉर्म भरायला आली ती त्यांनीच तयार केलेली मुलगी, आता तीही चाळिशीला आलेली. वन्सं तिला चष्मेवाली म्हणायच्या. ती बाहेरच्या खोलीत बसायला लागली तर वन्संनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. तीन तास चाललं. नळीच्या उपचारांनी वन्संचा आवाज खरखरीत झाला होता, मध्ये मध्ये थांबावं लागायचं. चष्मेवालीचं तोंड अगदी कोरं. वन्सं तिच्या तोंडाकडे बघत होत्या, आपण शिवलेलं कापड दुसऱ्याच्या अंगावर बघावं तसं.

"चहा दिवसाला किती कप?"

"सात."

"किती मिनिटं मुरवलेला?"

"पाच."

"त्रास कधीपासून?"

"तीन महिन्यांपासून. म्हणजे तपासणीच्या आधी तीन."

चष्मेवालीने सगळं लिहिलं. मग वन्संनी तो एकोणीस तारखांचा कागद पुढे सरकवला. "आणि हे तापमान."

तिने वाचलं. चष्मा काढून पुसला. "मॅडम, याला रकाना नाही."

"माहीत आहे."

"कडेला लिहायचं नाही, हे तुम्हीच..."

"मीच शिकवलं. म्हणून तुला लिही म्हणत नाहीये. फॉर्म कोराच ठेव. हा कागद वेगळा, अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या हातात दे. टपालात टाकू नकोस, हातात दे."

"देते, मॅडम." तिचा आवाज बदलला. "तुम्हाला बरं..."

"हे प्रश्नांत नाही," वन्सं म्हणाल्या.

बारा दिवसांनी मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. तोवर वन्सं फक्त पातळ घेत होत्या, तेही चमच्याने. मी फोन त्यांच्या कानाशी धरला, आवाज मला ऐकू येत होता. म्हातारे गृहस्थ, फार आदराने बोलले. कागद मोलाचा आहे म्हणाले, आजाराआधीची नोंद कुठे मिळते! मग थोडं अडखळून विचारलं, "बाई, या वह्यांत तुम्ही चहा गार प्यायल्याच्या नोंदी किती आहेत?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी गार शोधलेच नव्हते. गरम दिसला की थांबले, बाकी पानं उलटली.

"त्या नाहीत मोजल्या," वन्सं फोनवर म्हणाल्या. "चूक झाली."

"तुमच्या वहिनींची काही चूक..." डॉक्टर म्हणत होते.

"माझी. मी तिला सांगायला हवं होतं. मोजून कळवते."

फोन ठेवल्यावर मी रडायला लागले. वन्संनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "आपण हवं ते शोधलं, वहिनी. माझ्या हाताखालच्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला घरी पाठवलं असतं. तू घरीच आहेस, तुला कुठे पाठवू? आण पहिली वही. पहिल्या पानापासून. एकही ओळ सोडायची नाही."

शिवाय आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती, माझ्या नव्हती. माझ्या वहीत चहा यायचा तो माझी चूक म्हणून. ज्या दिवशी मी तो नीट उकळता दिला, त्या दिवशी लिहिण्यासारखं काहीच नसायचं. "तुझ्या वहीत तुझी पापं आहेत, माझा चहा नाही," त्या म्हणाल्या. "पण जे आहे ते सगळं मोजू. न लिहिलेले दिवसही मोजायचे, 'नोंद नाही' म्हणून."

दिवसाला वीस पानं. दुपारी जेवण झालं की, म्हणजे माझं जेवण झालं की, मी त्यांच्या खाटेजवळ बसून मोठ्याने वाचायची. गरम, गार, नोंद नाही अशा तीन खुणा करायच्या. त्या वह्यांतलं माझं सगळं मी त्यांना वाचून दाखवत गेले. कुणाबद्दल वाईट चिंतलं, कुणाला खोटं सांगितलं. त्यांच्याविषयीही बरंच होतं. 'वन्संचं तोंड बघितलं की मन विटतं,' असंही एके ठिकाणी निघालं. मी अडखळले. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "नोंद नाही. पुढे."

दुसऱ्या वहीत हे गेले तो दिवस होता. मला ते पान ओळखू आलं, मी दोन पानं एकदम उलटली.

"कागदाचा आवाज जाड आला," वन्सं म्हणाल्या.

"त्या दिवशीचं आहे, वन्सं. नको ना."

"वाच."

मी वाचलं. सकाळी हे गेले, घर माणसांनी भरलं, कुणीतरी वन्संच्या हातात कप दिला, तो तसाच राहिला. दुपारी मी टाकून द्यायला गेले तर त्यांनी तो गारढोण चहा एका दमात पिऊन टाकला, आणि कप स्वतः विसळून ठेवला.

"गार," त्या म्हणाल्या.

"हा दिवस कशाला मोजायचा? त्या दिवशी कोण शुद्धीवर होतं?"

"प्यायले ना? मग धर. असा एक दिवस सोडला की दुसरा सोडायला हात धजावतो." मग तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी पुढची पानं झाली नाहीत.

सहाव्या वहीपर्यंत पोहोचलो. त्या आठवड्यात त्यांना पाणीही जाईना. मी माळ घेऊन बसायची, त्यांच्यासाठी जे मागायचं ते मागायची. त्या ऐकत असाव्यात, पण हसल्या नाहीत. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी बोटाने वहीकडे खूण केली. मी अकरा पानं वाचली. बाराव्या पानावर मान वर करून बघितलं, तर ऐकणारं कुणी नव्हतं.

लोक भेटायला आले. प्रत्येकाने विचारलं, काय खायच्या हो? असं कसं झालं? मी सांगत गेले, फळं, भाज्या, चहा. कुणी म्हणालं चहानेच झालं, कुणी म्हणालं चहा होता म्हणून इतकी वर्षं तगल्या. शिंपीणबाईने तिचा हिरवा डबा गुपचूप परत नेला आणि दाराशी उभं राहून डोळे पुसले. "घेतला असता तर," म्हणाली. वन्सं असत्या तर तिला खुर्ची दिली असती.

तेरा दिवसांनी मी सातवी वही उघडली. दुपारीच. खाट रिकामी होती तरी मोठ्यानेच वाचलं, नाहीतर डोळे ओळी सोडतात. वीस पानं, जास्त नाही, कमी नाही. मध्ये दोनदा ताप आला तेवढे दिवस गेले. आठवी, नववी, दहावी. गरम तेवीस झाले, गार चार. न लिहिलेल्या दिवसांनी चार कागद भरले.

अकराव्या वहीत मला ती ओळ सापडली. पहिल्यांदा शोधताना मी तिच्यावरून गेलेच असणार. 'चहा' शब्द होता, पण मला पाहिजे ते त्यात नव्हतं म्हणून पान उलटलं. तपासणीच्या सतरा महिने आधीची तारीख. त्यानंतर तीन दिवसांनी पुन्हा तसंच. मग आठवड्याने. मग वहीत चहा यायचाच थांबला होता, कारण माझी चूक व्हायची थांबली होती.

मी वही मिटून देवासमोर जाऊन बसले. काय मागावं ते कळेना.

दोन दिवस मी चष्मेवालीला फोन केला नाही. मनात आलं, गरम तेवीस आणि गार चार एवढंच द्यावं. ते खोटं नव्हतं. अकरावी वही पूर्ण झाली नाही म्हणावं. कुणाला कळणार होतं?

तिसऱ्या दिवशी केला. ती आली, आपणहून स्वयंपाकघरात बसली. मोठ्या डॉक्टरांनी 'चहा किती गरम' असा एक प्रश्न तयार केला आहे म्हणाली, आधी चाळीस घरांत विचारून बघणार, मग ठरवणार ठेवायचा की नाही. तिने माझे कागद घेतले, खुणा मोजल्या, पुन्हा मोजल्या. "काकू, मॅडमपेक्षा तुम्ही नीट केलंय," म्हणाली.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "त्रास तीन महिन्यांपासून, असं वन्संनी लिहून दिलंय ना? ते तीन नाहीत."

तिने माझ्याकडे बघितलं. "मॅडमनी स्वतः सांगितलं होतं."

"त्यांना लक्षात आलं नसेल. हळूहळू झालं असेल. सतरा महिने आहेत."

"कशावरून?"

मी वही उघडली. तिने पेन काढलं. तिचं तोंड कोरं होतं, आणि त्याबद्दल मी मनातून तिची ऋणी झाले. मग तारीख वाचली, आणि त्याखालची ओळ वाचली: 'वन्सं हल्ली चहा आपणहून निववून पितात. गरम झोंबतो म्हणाल्या. माझा दोनदा तापवायचा व्याप सुटला.' ती लिहीत होती. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, तिला ती नको असणार, तिच्या कुठल्याच रकान्यात ती बसत नव्हती. तीही मी मोठ्याने वाचली.

'देवा, तुझे उपकार.'